कोकणातल्या घरासाठी पावसाचं पाणी: टाकी केवढी, भरायची कधी, आणि पिता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठाराच्या, कडेला घर, आई-वडील दोघंच राहतात. विहीर फेब्रुवारीपर्यंत साथ देते, मार्चपासून सकाळी आठ-दहा कळश्या पाझरतात तेवढ्याच. गाडीरस्ता घरापर्यंत नाही, त्यामुळे टँकरचं पाणी खालच्या वाडीतून डोक्यावर आणावं लागतं. छप्पर १२० चौरस मीटर: मूळ घर मंगलोरी कौलांचं, मागचं स्वयंपाकघर आणि पडवी नव्याने पत्र्याची. कंत्राटदार म्हणतो, छपरावर लाखो लिटर पाणी पडतं, पन्नास हजार लिटरची जमिनीखालची टाकी बांधून टाका. तुम्ही विचारताय: बांधू का? ते पाणी पिता येईल का? की टाकीच्या भानगडीत न पडता पाणी सरळ विहिरीत सोडू?

कंत्राटदाराचा हिशोब खोटा नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर तर सहज पडतो. १२० गुणिले ३,००० म्हणजे ३ लाख ६० हजार लिटर. कौलं पितात, उडतं, सांडतं ते वीस टक्के वजा करा, तरी पावणेतीन लाखांच्या वर उरतं. पण हा आकडा तुमच्या काही कामाचा नाही. पाणी किती पडतं यावर टाकीचं माप ठरवायचं ते कमी पावसाच्या मुलुखात, जिथे छप्पर देईल तेवढंच पदरात पडतं. कोकणात छप्पर गरजेच्या कितीतरी पट देतं, तेव्हा इथे माप ठरतं उन्हाळ्यावरून. तुमच्या आई-वडिलांना वर्षभराच्या पाण्याची अडचण नाहीच. अडचण आहे मार्च ते मृग लागून पाऊस नीट बसेपर्यंतच्या साडेतीन महिन्यांची, आणि त्यातही पिण्या-रांधण्याच्या चांगल्या पाण्याची. टाकी बांधायची ती तेवढ्यासाठी.

आता तेवढ्याचा हिशोब करू. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे, पण त्यात अंघोळ, कपडे, संडास सगळं आलं. तुमच्याकडे विहिरीच्या आठ-दहा कळश्या अजून आहेत, म्हणजे शंभरेक लिटर. दोन माणसांची अंघोळ आणि धुणं त्यात कसंबसं भागतं. टाकीतून घ्यायचं ते पिणं, रांधणं, भांडी, हात-तोंड धुणं. त्याला मी माणशी वीस लिटर धरतो. दोन माणसं, वीस लिटर, १ मार्च ते १५ जून म्हणजे साधारण ११० दिवस: ४,४०० लिटर.

इथे बहुतेक जण थांबतात आणि मे महिन्यात फसतात. कारण मे महिन्यात घरात दोन माणसं नसतात. तुम्ही, तुमची मुलं, भावाची मुलं, आंबे खायला म्हणून आलेले आणखी कोणी. सहा माणसं वीस दिवस धरली तर आणखी २,४०० लिटर. शिमग्याला पाच दिवस तेवढीच माणसं आली तर ६००. पाऊस पंधरा दिवस लांबला तर आई-वडिलांचे ६००. हे झाले आठ हजार. शिवाय टाकीच्या तळाचं चार इंच पाणी नळातून येत नाही, येऊही नये, कारण गाळ तिथेच बसलेला असतो. ते सातशे-आठशे लिटर. झाली बेरीज नऊ हजारांच्या आसपास. दहा हजार लिटरची टाकी बांधा.

पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी यात नाही, हे मुद्दाम सांगतो. सहा माणसं, चाळीस लिटर, वीस दिवस म्हणजे आणखी जवळपास पाच हजार. ते हवं असेल तर पुढच्या वर्षी दुसरी टाकी बांधा, पहिलीच मोठी करू नका. दहा-दहाच्या दोन टाक्या वीसच्या एकीपेक्षा केव्हाही बऱ्या. एक धुवायला काढली तर दुसरीत पाणी असतं, एकीला तडा गेला किंवा उंदीर पडला तर सगळा साठा जात नाही. आणि पहिल्या वर्षी घरच्यांच्या हातून ती कशी सांभाळली जाते ते बघून दुसरीचा निर्णय घेता येतो. गोठ्यात जनावरं असतील तर मात्र हे सगळं गणित बदलतं. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात रोज पन्नास-साठ लिटर तरी लागतं. तुम्ही जनावरांचं काही लिहिलं नाही, म्हणून नाहीत असं धरलंय.

आता विहिरीत पाणी सोडण्याबद्दल, कारण हा सल्ला सगळीकडे सरसकट दिला जातो. देशावर, काळ्या पाषाणाच्या प्रदेशात, वरच्या मुरमाड आणि भेगाळ थरात मुरलेलं पाणी बऱ्यापैकी टिकतं. तिथे छपराचं पाणी गाळून विहिरीत किंवा बोअरवेलजवळ मुरवणं शहाणपणाचं आहे. तुमचा सडा जांभ्याचा. जांभा म्हणजे आरपार भोकाभोकांचा दगड. पाऊस पडला की विहीर चार दिवसांत तुडुंब भरते, ते त्याचमुळे. पण त्याच वेगाने ते पाणी आडवं वाहत उताराच्या बाजूला झऱ्यांतून, व्हाळातून (ओढ्यातून) निघून जातं. जांभ्याखालच्या चिकण मातीच्या थरावरून ते घसरतच जातं म्हणा ना. जुलैत तुमची विहीर तशीही काठोकाठ असते. तिच्यात आणखी दोन लाख लिटर ओतले तरी ते एप्रिलपर्यंत तिथे थांबणार नाहीत, खालच्या वाडीच्या व्हाळाला मिळतील. खालच्या वाडीला त्याचा थोडा उपयोग होईलही, पण तुमच्या आईची कळशी भरणार नाही. घर दरीत, सखल जागी असतं तर मी वेगळं बोललो असतो. कडेच्या सड्यावर साठवणच करावी लागते.

जमिनीखालची टाकी का नको? जागा वाचते, पाणी गार राहतं, दिसायला बरं दिसतं, हे सगळं खरं. पण तीन कारणं आहेत. एक, गळती दिसत नाही. जमिनीवरच्या टाकीला तडा गेला तर ओल दिसते, आठवड्यात लक्षात येतं. खालची टाकी गळली तर मार्चमध्ये झाकण उघडल्यावर कळतं. दोन, पावसाळ्यात जांभ्यातलं पाणी वर चढतं आणि टाकी त्या वेळी रिकामी असेल तर बाहेरचा दाब तिला खालून वर उचलतो, तळ फुटतो. तीन, आणि हे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं: शोषखड्डा. कोकणातल्या घरांत संडासाचा शोषखड्डा घरापासून फार लांब नसतो आणि जांभा त्याचं पाणी कुठेही नेऊ शकतो. बारीक तड्यातून ते पिण्याच्या टाकीत झिरपलं तर वासही येणार नाही कदाचित, पण माणसं आजारी पडतील. लोक किल्ल्यांवरच्या टाक्यांचं उदाहरण देतात. मुंबईजवळ कान्हेरीला तर बहुतेक लेण्यांपाशी पाण्याची टाकी आहे, डोंगरउताराचं पाणी तीत आणायला कातळात पन्हळी कोरल्या आहेत. पण ते सगळं अखंड काळ्या कातळात आहे. जांभ्यात खड्डा खणून पाणी राहत नाही. अस्तर करावं लागतं, म्हणजे शेवटी जमिनीखाली सिमेंटची टाकीच बांधावी लागते, वरचे तिन्ही धोके पत्करून.

तेव्हा टाकी जमिनीवर. आता प्लॅस्टिकची की फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेली? पाच हजारांच्या दोन काळ्या टाक्या आणल्या तर काम दोन दिवसांत होतं. पण तुमच्याकडे गाडीरस्ता नाही. त्या टाक्या रिकाम्या असल्या तरी आकाराने एवढ्या असतात की पायवाटेने, गडग्यावरून, आंब्याच्या फांद्यांखालून नेताना चार माणसं हैराण होतात. शिवाय त्यांची उंची. हे जरा नीट बघा, कारण नेमकं इथे घोडं पेंड खातं. कोकणी घराची पागोळी, म्हणजे छपराची खालची कड, किती खाली असते! पडवीच्या कडेला बऱ्याच घरांत माणूस वाकूनच आत शिरतो. पागोळी सहा-साडेसहा फुटांवर, तिच्याखाली पन्हळ, पन्हळीला उतार, मग गाळणीचं पिंप, आणि त्याच्याही खाली टाकीचं तोंड. टाकी सात फूट उंच असेल तर पाणी तिच्यात चढणार कसं? म्हणून आम्ही बसकी टाकी करतो. आतून दहा फूट व्यास, भिंत पाच फूट, पाणी साडेचार फुटांपर्यंत. यात दहा हजार लिटर बसतात. अंगण दोन पायऱ्यांचं असेल आणि टाकी खालच्या पायरीवर बसवता येत असेल तर उत्तमच. उंचीचा प्रश्नच मिटतो, आणि आईला वाकून नळ सोडावा लागू नये म्हणून टाकीखाली फूटभर चिऱ्यांचा चौथराही करता येतो.

असल्या बसक्या गोल टाकीला फेरोसिमेंट हे सोयीचं काम आहे. सळ्या, जाळी, सिमेंट, रेती सगळं डोक्यावरून नेता येतं. सळ्यांचा सांगाडा, त्यावर वेल्डमेश, आत-बाहेर कोंबडीजाळी तारेने घट्ट बांधलेली, आणि त्यात दोन्हीकडून दाबून भरलेलं मसाल्याचं गिलाव्यासारखं काम. भिंत दीड-दोन इंचांची होते आणि पुरते. सिमेंट-रेतीचं एकास दोन किंवा फार तर एकास अडीचचं मिश्रण, पाणी कमीत कमी. गवंड्याला फेरोसिमेंटचा अनुभव असलेला बरा. साध्या प्लॅस्टरच्या सवयीने तो मसाला पातळ करतो आणि जाळीच्या मागे पोकळ्या राहतात. भिंतीचा एक थर एका दिवसात पूर्ण व्हायला हवा. अर्धी भिंत आज, अर्धी उद्या केली की त्या सांध्यातूनच पुढे पाणी येतं.

रेतीबद्दल एक धोक्याची सूचना. तुमच्या भागात खाडीची रेती सहज आणि स्वस्त मिळते. ती यात वापरू नका. तिच्यातल्या मिठाने दोन इंचांच्या भिंतीतली जाळी गंजते, फुगते आणि चार-पाच पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात. नदीची रेती किंवा धुतलेली क्रशरची रेती घ्या, महाग पडली तरी.

आणि काम मे महिन्यात काढू नका. सगळे मेमध्येच काढतात, कारण सुट्टी असते आणि पाऊस डोक्यावर दिसतो. पण फेरोसिमेंटला किमान दोन आठवडे, शक्य तर तीन, पाणी पाजावं लागतं. गोणपाटं गुंडाळून ती सतत ओली ठेवायची. मे महिन्यात जिथे प्यायला पाणी नाही तिथे टाकीवर कोण ओतणार? मग क्युरिंग अर्धवट राहतं आणि पुढे टाकी झिरपते म्हणून फेरोसिमेंटच्या नावाने बोटं मोडतात. दिवाळीनंतर काम सुरू करा. विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं, गवंडीही मोकळे असतात. जानेवारीत टाकी भरून बघा, गळती असली तर तेव्हाच कळेल. नव्या सिमेंटचा चुना पहिल्या पाण्यात उतरतो, ते पाणी प्यायला घेऊ नका, झाडांना घाला. एकदोनदा भरून सोडलं की टाकी निवळते.

आता छप्पर. तुम्हाला अख्खं १२० चौरस मीटर गोळा करायची गरज नाही, आणि ही कोकणातली सगळ्यात मोठी चैन आहे: छपराची निवड करता येते. मागची पत्र्याची बाजू साठ चौरस मीटर असेल असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. त्या साठावरून, वीस टक्के वजा जाता, एका मिलिमीटरला ४८ लिटर येतात. दहा हजार लिटरला २०८ मिलिमीटर पाऊस पुरे. ऑगस्ट-सप्टेंबरात याच्या कितीतरी पट पडतो. मग कौलांची बाजू, जिच्यावर शेवाळ धरतं, जिच्या फटींत उंदीर नांदतात आणि जिच्यावर आंब्याची फांदी आलेली असते, ती सोडून द्या. पत्रा लवकर धुतला जातो, उन्हात तापतो, शेवाळ कमी धरतो. पत्रा जुना सिमेंटचा, पापुद्रे सुटलेला असेल, किंवा त्याला डांबर किंवा कसला जुना रंग फासलेला असेल तर मात्र पिण्यासाठी ते पाणी मी घेणार नाही. त्यापेक्षा शाकारणीच्या वेळी खरवडून स्वच्छ केलेली कौलं बरी.

पन्हळीला आठ इंची पीव्हीसी पाईप उभा अर्धा चिरून लावतात, ते चांगलं. दहा फुटांना एक-सव्वा इंच उतार. ब्रॅकेट लोखंडी आणि दर दोन फुटांना. लोकांना वाटतं पन्हळ हलकी, दोन तारांवर राहील. पण पाण्याने भरलेली अशी पन्हळ मीटरला पंधरा किलोंची होते, आणि त्यावर एखादा वानर झोके घ्यायला आला तर विचारायलाच नको. जोराच्या सरीत, तासाला शंभर मिलिमीटरचा मारा धरला तर साठ चौरस मीटरवरून मिनिटाला शंभर लिटर येतात. त्याला खाली उतरणारा पाईप चार इंची हवाच. अडीच इंची लावला की पन्हळ ओसंडते आणि लोक म्हणतात पन्हळच चुकीची. आणखी एक: मोठ्या सरीत पागोळी सरळ खाली पडत नाही, पुढे उडी मारते. म्हणून पन्हळीचा बाहेरचा काठ पत्र्याच्या पुढे चांगला चार बोटं हवा. पन्हळ पक्की करण्याआधी पत्र्यावर वरून जोरात बादल्या ओतून बघा, पाणी कुठे पडतं ते लगेच दिसेल.

पहिलं पाणी टाकून द्यायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाजारात त्यासाठी आपोआप चालणारी यंत्रंही मिळतात. तुमच्या घरी मी ती लावणार नाही. बारीक भोकं पालापाचोळ्याने तुंबतात, आणि भर पावसात शिडी लावून ती साफ कोण करणार, वडील? त्याऐवजी उतरत्या पाईपच्या शेवटी न चिकटवलेलं, हाताने फिरवता येणारं कोपराचं वळण ठेवा. तोंड टाकीकडे फिरवलं की पाणी टाकीत, अंगणाकडे फिरवलं की अंगणात. ते शिडीशिवाय हाताला येईल अशा उंचीवर असावं. उघडिपीनंतरच्या पहिल्या सरीला पहिली पाच-दहा मिनिटं पाणी बाहेर सोडायचं. साठ चौरस मीटरला दोन मिलिमीटर म्हणजे १२० लिटर गेले की पत्रा धुतला गेला असं समजायला हरकत नाही.

पण खरी गंमत वेळेत आहे. देशावर पहिल्या महिन्यात पाणी सोडून देणं परवडत नाही. तुम्हाला परवडतं. त्यामुळे मी सांगतो ते असं: जून आणि जुलै पाईपचं तोंड अंगणाकडेच राहू द्या. आठ महिन्यांची धूळ, विष्ठा, मोहोर, पालापाचोळा सगळं धुऊन जाऊ दे. जुलैअखेर किंवा श्रावणात उघडीप मिळाली की टाकी आतून खराट्याने आणि पाण्याने धुऊन घ्या, तळाचा पाईप उघडून सगळं बाहेर काढा. मग ऑगस्टपासून भरायला घ्या. भरली तरी तोंड बंद करू नका, सांडू द्या. नवं पाणी येत राहतं, जुनं जात राहतं. हस्त नक्षत्र लागायच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरअखेर, तोंड अंगणाकडे फिरवा, झाकण लावा, कुलूप घाला. हत्तीच्या पावसाची वाट बघत बसू नका, तो मधल्या उघडिपीत साचलेली धूळ घेऊन येतो. टाकी एकदम मार्चमध्ये उघडायची. मधल्या काळात विहीर आहेच. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात विहिरीचं पाणी गढूळ येत असेल तर टाकीतलं खुशाल वापरा, ते परत भरणारच आहे.

पाच महिने साठवलेलं पाणी खराब होत नाही का, हा तुम्ही विचारला नसलेला पण आईने नक्की विचारायचा प्रश्न. पाणी शिळं होऊन नासत नाही. त्याला प्रकाश मिळाला तर शेवाळ धरतं, डास शिरला तर अळ्या होतात, पाला राहिला तर तो कुजतो आणि वास येतो. तिन्ही अडवली तर मार्चमधलं पाणी ऑक्टोबरमधल्याइतकंच स्वच्छ असतं. किंबहुना जास्तच, कारण गाळ बसलेला असतो. म्हणून टाकी पूर्ण अंधारी हवी. सांडव्याच्या आणि हवेच्या पाईपच्या तोंडाला बारीक जाळी हवी, आणि ती दर महिन्याला हाताने चाचपून बघायची. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. एक फाटलेली जाळी वाडीभर ताप पसरवू शकते. सांडव्याचा पाईप येणाऱ्या पाईपएवढा, म्हणजे चार इंचीच, आणि त्याचं पाणी जोत्यापासून दूर जाईल असं काढा. येणारं पाणी वरून धबधब्यासारखं पडू देऊ नका. पाईप आत तळापर्यंत न्या आणि शेवटी वळण वर करा, म्हणजे खालचा गाळ ढवळत नाही.

गाळणीवर लोक फार खर्च करतात. पन्हळीच्या तोंडाशी मोठी जाळी, आणि टाकीआधी एका पिंपात खाली खडी, वर बारीक खडी, वर धुतलेली रेती, त्यावर नायलॉनची जाळी: एवढं पुरतं. कोळसा घालायचा तर घाला, पण तो दरवर्षी बदलला नाही तर त्याचा काही उपयोग नाही. आणि ही गाळणी पाला-माती अडवते, जंतू अडवत नाही. ती पावसाळ्याआधी दरवर्षी उपसून धुवावी लागते; न धुतलेली गाळणी असण्यापेक्षा नसलेली बरी.

आता पिण्याबद्दल स्पष्ट सांगतो. हो, पिता येतं, पण उकळून. छपरावर कावळे बसतात, उंदीर धावतात, रात्री वटवाघळं असतात. कोकणात लेप्टो आहे, हे विसरून चालणार नाही. पाणी खळखळून उकळू लागल्यावर मिनिटभर तसंच ठेवायचं, मग गार करून झाकून ठेवायचं. त्याशिवाय टाकी बंद करताना आणि मार्चमध्ये उघडताना टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घाला: हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे पूर्ण टाकीला पन्नास ग्रॅम. एका बादलीत कालवून, निवळू देऊन वरचं पाणी ओतायचं, गाळ नाही, आणि अर्ध्या तासानंतरच वापरायचं. पावडर ग्रामपंचायतीत मिळते, पण डबा किती दिवस उघडा आहे ते बघा. उघडी राहिलेली पावडर जोर घालवून बसते. टाकी बंद करताना घातलेल्या क्लोरीनचा मार्चपर्यंत मागमूस राहत नाही, म्हणून दुसऱ्यांदा घालायचं. मार्चमध्ये एकदा पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीत तपासणीचं किट असतं, गावातल्या काही बायकांना ते वापरायचं प्रशिक्षणही दिलेलं असतं. नसेल तर आरोग्य केंद्रातून नमुना पाठवता येतो.

आरओ बसवू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नको. आरओ क्षार काढायला असतो, पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. उलट जेवढं शुद्ध होतं त्याहून जास्त तो गटारात सोडतो, म्हणजे ज्या पाण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच ओतून द्यायचं. या पाण्यात क्षार नाहीत म्हणून हाडं ठिसूळ होतील असं कुणी सांगितलं तर काळजी करू नका, आपल्याला कॅल्शियम मुख्यतः अन्नातून मिळतं, नाचणी-मासळीच्या घरात तर नक्कीच. चव थोडी फिकी लागते, आठवड्यात सवय होते. डाळ मात्र लवकर शिजते आणि साबणाला फेस भरपूर येतो, आईला ते आवडेल.

पाणी नळानेच घ्यायचं. झाकण उघडून कळशी बुडवायची नाही, कितीही घाई असली तरी. टाकीत घाण जाण्याचा सगळ्यात सोपा रस्ता हात आणि दोरी हाच आहे. म्हणूनच मी कुलूप म्हणतोय. लहान मुलं मे महिन्यात येतात तेव्हा तर ते हवंच.

आंबा-काजूच्या झाडांना उन्हाळ्यात पाणी हवं असेल तर त्यात ही टाकी ओढू नका. त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जलकुंड सुचवलं आहे, खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून केलेलं. ते उघडं असतं, त्यातलं पाणी उडून जातं, पिण्यासाठी ते नाही, पण कलमं जगवायला स्वस्त आणि मस्त.

खर्चाचा आकडा मी इथे देत नाही, कारण पायवाटेने सामान नेण्याची मजुरी तुमच्याकडे सामानाइतकीच होऊ शकते आणि ती मला इथे बसून कळणार नाही. कंत्राटदाराकडून पन्नास हजार लिटरच्या ऐवजी जमिनीवरच्या दहा हजारांच्या फेरोसिमेंट टाकीचा, पन्हळीचा आणि चौथऱ्याचा वेगवेगळा दर मागवा. त्याने अशी टाकी आधी बांधली असेल तर ती बघायला जा, आणि मार्चनंतर जा. पावसाळ्यात सगळ्याच टाक्या भरलेल्या दिसतात.

पुढे जाण्याआधी मला तीन मापं पाठवा: मागच्या पत्र्याची लांबी आणि उताराची रुंदी, पागोळीची जमिनीपासूनची उंची, आणि शोषखड्डा टाकीच्या जागेपासून किती पावलांवर आहे ते. टाकी खालच्या अंगणात बसवायची की वरच्या, ते यावर ठरेल.